प्रोजेक्टरला भाडं मिळतं, कोडला काय?

कॅनडातल्या क्वेबेक शहराच्या बंदरात धान्याची 81 कोठारं एकमेकांना चिकटून उभी आहेत. उंच, गोल, काँक्रीटची. दिवसा कुणी मान वळवून पाहणार नाही अशी. 2008 साली शहराला 400 वर्षं पूर्ण झाली, तेव्हा नाट्यदिग्दर्शक रोबेर लपाज यांनी शहराचा सगळा इतिहास रात्रीच्या वेळी या कोठारांवर उमटवला. ‘द इमेज मिल’ हे त्या खेळाचं नाव. पडदा साधारण 600 मीटर लांब, 30 मीटर उंच आणि प्रोजेक्टर 27.

आकडे जरा मांडून पाहू. 600 गुणिले 30 म्हणजे 18,000 चौरस मीटर. प्रत्येक प्रोजेक्टर 20,000 ल्युमेनचा धरला, तर सगळे मिळून 5,40,000 ल्युमेन. भागाकार केला की भिंतीच्या प्रत्येक चौरस मीटरवर सरासरी 30 ल्युमेन, म्हणजे 30 लक्स पडतात. हमरस्त्यावरच्या चांगल्या दिव्याखाली साधारण एवढाच उजेड असतो. म्हणजे सत्तावीस अवाढव्य यंत्रं लावूनसुद्धा हा खेळ शेवटी अंधारावरच उभा. शेजारी एखादा हॅलोजन पेटला तरी रंग धुऊन निघतील.

अशा खेळात प्रत्येक गोष्टीला दर असतो. प्रोजेक्टरला रात्रीचं भाडं असतं, मचाणाला, जनरेटरला, क्रेनला असतं. ॲनिमेशन करणाऱ्याला मानधन आणि ऑपरेटरला भत्ता मिळतो. मात्र तयार झालेला व्हिडिओ आणि वेडीवाकडी भिंत यांच्यामध्ये एक प्रोग्रॅम बसलेला असतो. खिडकीचं चित्र बरोबर खिडकीवरच पडावं, ही त्याची जबाबदारी. हा प्रोग्रॅम विकत मिळतो, तसाच फुकटही मिळतो. फुकट मिळणारा कोण लिहितं, त्याचा खर्च कुणाच्या खिशातून जातो आणि तो प्रोग्रॅम किती वर्षं जगतो, हा या लेखाचा विषय.

आधी या कलेचं, म्हणजे प्रोजेक्शन मॅपिंगचं मूळ. डिस्नेलँडमधली ‘हाँटेड मॅन्शन’ 1969 मध्ये सुरू झाली. तिच्यात चेहरा नसलेल्या अर्धपुतळ्यांवर गाणाऱ्या माणसांचे चित्रित केलेले चेहरे टाकलेले होते आणि पुतळे गाताहेत असं वाटायचं. त्याहून चतुर प्रयोग मायकेल नायमार्क या कलाकाराचा, 1980च्या सुमाराचा. त्यांनी एक दिवाणखाना मांडला, मधोमध फिरता कॅमेरा ठेवला आणि आत वावरणारी माणसं चित्रित केली. मग खोलीतलं सगळं सामान, भिंतींसकट, पांढऱ्या रंगानं फवारून काढलं आणि कॅमेऱ्याच्याच जागी फिरता प्रोजेक्टर ठेवला. खुर्चीवर खुर्चीचा रंग परत आला, टेबलावर टेबलाचा. माणसं मात्र तिथं नव्हती, त्यामुळे ती भुतासारखी सामानावरून सरकत गेली.

नायमार्कच्या युक्तीत गणिताची गरज नव्हती, कारण प्रोजेक्टर कॅमेऱ्याच्या नेमक्या जागी होता. तो दुसरीकडे कुठेही ठेवायचा म्हटलं की हिशेब करावा लागतो. हा हिशेब संगणकाकडे सोपवण्याचं पायाभूत काम विसाव्या शतकाच्या शेवटच्या वर्षांत नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात झालं, आणि त्यात आघाडीवर होते नाशिकचे रमेश रासकर. पुण्याच्या सीओईपीतून शिकून ते अमेरिकेला गेले आणि पुढे एमआयटी मीडिया लॅबमध्ये प्राध्यापक झाले. रासकर आणि सहकाऱ्यांचा ‘शेडर लॅम्प्स’ हा शोधनिबंध 2001 चा. त्यात ताजमहालाची लाकडी प्रतिकृती पांढरी रंगवून तिच्यावर दोन प्रोजेक्टरनी संगमरवर, सावल्या, दिवसाचा बदलता प्रकाश, सगळं उजेडानंच चढवलं होतं. 2005 मध्ये ऑलिव्हर बिंबर यांच्यासोबत रासकर यांनी या विषयावर पुस्तक लिहिलं, आणि लेखकांनी ते नंतर सर्वांना मोफत वाचायला दिलं. थोडक्यात, या विद्येचं गणित कुणाच्या तिजोरीत नाही.

ते गणित काय आहे हे जरा सावकाश पाहायला हवं, कारण खर्चाचं कोडं तिथेच उलगडतं. तिरक्या भिंतीवर चौकोनी चित्र बसवायचं असेल तर त्याचे चार कोपरे माउसनं ओढून भिंतीच्या चार कोपऱ्यांवर नेतात. प्रत्येक कोपऱ्याची जागा दोन आकड्यांनी सांगता येते, म्हणून चार कोपऱ्यांचे आठ आकडे. या आठांवरून चित्रातला प्रत्येक बिंदू कुठे जाईल ते निघतं. इथे पहिला खड्डा आहे. ग्राफिक कार्डाला चौकोन कळत नाही, त्रिकोण कळतो. नवशिक्या प्रोग्रॅमरनं चौकोनाचे दोन त्रिकोण करून दोन्ही वेगवेगळे ताणले, की कर्णावर चित्र मोडतं. सरळ रेघ मध्येच कोपरा घेते. त्यावर उपाय म्हणजे प्रत्येक बिंदूसोबत तिसरा आकडा वागवायचा आणि शेवटी त्यानं भागायचं. भागाकार एका ओळीचा आहे, पण तो विसरलेले प्रोग्रॅम कितीतरी आहेत.

भिंत सपाट नसेल, घुमट किंवा पुतळा असेल, तर चार कोपरे पुरत नाहीत. मग वस्तूचं त्रिमितीय मॉडेल घ्यायचं आणि प्रोजेक्टरला उलटा कॅमेरा मानायचं. त्याची जागा, रोख आणि भिंगाचे गुण मिळून 11 अज्ञात आकडे होतात. मॉडेलवरचा एक बिंदू प्रत्यक्षात कुठे दिसतो हे दाखवलं की दोन समीकरणं मिळतात, म्हणून निदान सहा बिंदू लागतात.

दोन प्रोजेक्टरची चित्रं जिथे एकमेकांवर येतात तिथे आणखी मजा होते. मधल्या पट्ट्यात दोघांचाही सिग्नल निम्मा केला की झालं, असं कुणालाही वाटेल. पण प्रोजेक्टरचा उजेड सिग्नलच्या सरळ प्रमाणात वाढत नाही, साधारण 2.2 च्या घातानं वाढतो. सिग्नल निम्मा केला की उजेड 22 टक्केच उरतो. दोघांचा मिळून 44. चित्राच्या मधोमध काळपट पट्टा दिसतो. बरोबर निम्मा उजेड हवा असेल तर सिग्नल 73 टक्के ठेवावा लागतो. एवढं करून दृश्य अंधारात गेलं की उलटाच त्रास सुरू होतो. प्रोजेक्टरला काळा रंग टाकता येत नाही, त्याचा काळा म्हणजे मंद राखाडी. दोघांचा राखाडी जिथे एकत्र येतो तिथे उजळ पट्टा उठतो.

आता लक्षात घ्या, वरचा पहिला भाग, म्हणजे चार कोपरे ओढणं, एखादी हुशार विद्यार्थिनी एका सुट्टीत लिहून काढेल. म्हणूनच असे मुक्त स्रोत प्रोग्रॅम सतत जन्माला येत असतात. प्रोसेसिंग या कलाकारांच्या प्रोग्रॅमिंग साधनासाठी ‘कीस्टोन’ नावाची लायब्ररी आहे. ओपनफ्रेमवर्क्स या तशाच दुसऱ्या साधनावर उभा असलेला ‘ओएफएक्स पायमॅपर’ रास्पबेरी पायसारख्या छोट्या संगणकावर मॅपिंग करतो. जपानमधल्या यामागुची शहरातल्या वायकॅम या कलाकेंद्रात कलाकार काइल मॅकडॉनल्ड यांनी तिथल्या प्रयोगशाळेसोबत ‘मॅपामोक’ तयार केलं. मॉडेलवरचे बिंदू जुळवून प्रोजेक्टर लावण्याची पद्धत त्यानं खुली केली. हे सगळं फुकट, सगळ्यांचा कोड उघडा.

जन्म स्वस्तात होतो. पुढचं जगणं महाग पडतं. अॅपलनं 2018 मध्ये ओपनजीएल ही ग्राफिक्सची जुनी पद्धत आता सोडून देत असल्याचं जाहीर केलं. मॅपिंगचे बहुतेक मुक्त प्रोग्रॅम याच पद्धतीवर उभे होते. 2012 मध्ये 35 डॉलरला निघालेल्या रास्पबेरी पायमुळे एकेका कोनाड्यात एकेक संगणक ठेवणं परवडू लागलं. पण 2021 मध्ये त्याची नवी प्रणाली आली, व्हिडिओ चालवण्याचा जुना मार्ग मोडीत निघाला आणि त्यावर विसंबलेल्या प्रोग्रॅमांची पंचाईत झाली. यात कोड लिहिणाऱ्याची काही चूक नव्हती. त्यानं काहीच केलं नाही, आणि तेवढ्यानंच प्रोग्रॅम बंद पडला. शिवाय तपासणीचा खर्च वेगळा: चार प्रोजेक्टर एकत्र जुळवणारा कोड तपासायचा तर चार प्रोजेक्टर लागतात, आणि ते घरच्या टेबलावर मावत नाहीत.

देणगीचा स्वभावही इथे आड येतो. देवळाच्या कळसाला देणगीदार मिळतो, झाडलोटीला मिळत नाही. 2014 मध्ये हार्टब्लीड ही चूक उघडकीला आली, तेव्हा जगाच्या इंटरनेटचं कुलूप सांभाळणाऱ्या ओपनएसएसएल प्रकल्पाला वर्षाला जेमतेम 2,000 डॉलर देणग्या मिळत होत्या, हे लोकांना कळलं. ज्याच्यावर बँका चालतात त्याची ही गत. भिंतीवर फुलं उमलवणाऱ्या प्रोग्रॅमला कोण विचारतो?

मॉन्ट्रियल या शहरात मात्र हा प्रश्न दोन वेगळ्या वाटांनी सोडवून पाहिलेला आहे. लाखो लोकांच्या या फ्रेंचभाषक शहरात प्रोजेक्शन हा उद्योगच आहे. 2012 मध्ये बार्सिलोनाच्या सग्रादा फामिलियावर मॅपिंग करणारी मोमेंट फॅक्टरी ही कंपनी इथली, आणि शहराच्या मधल्या नाट्यगृहांच्या वस्तीत इमारतींवरची प्रोजेक्शन कायमचीच असतात.

पहिली वाट ‘मॅपमॅप’ची. सोफियान ओद्री आणि अलेक्झांद्र केसी या मॉन्ट्रियलच्या कलाकार-प्रोग्रॅमरांनी आणि त्यांच्या साथीदारांनी हा प्रोग्रॅम उभा केला. हेतू सरळ होता: कलाकाराला, शिक्षकाला, छोट्या नाटकमंडळीला अर्ध्या तासात शिकता यावा. रंग, चित्र किंवा व्हिडिओ घ्यायचा; त्रिकोण, चौकोनी जाळी किंवा लंबवर्तुळ असा आकार निवडायचा; भिंतीवर बसवायचा. विंडोज, मॅक आणि लिनक्स, तिन्हींवर चालतो. त्याला पाठबळ मिळालं ते आंतरराष्ट्रीय फ्रँकोफोनी संघटनेचं. ही 1970 मध्ये नायजरमधल्या नियामे इथे स्थापन झालेली, फ्रेंच भाषेनं जोडलेल्या देशांची संघटना. भाषेसाठी जन्मलेल्या संस्थेनं प्रोजेक्शनच्या प्रोग्रॅमला पैसे द्यावेत, हे मला फार सूचक वाटतं. भाषा जगवायची तर त्या भाषेत काम करणाऱ्यांच्या हातात साधनं द्यावी लागतात, एवढी समज त्यामागे आहे. आपल्याकडे भाषेच्या नावानं निघणारा पैसा बहुधा संमेलनाच्या मांडवात आणि शालींत जातो. साधनांच्या वाट्याला येत नाही.

पण अनुदानाची म्हणून एक रीत असते. अर्जात नवी वैशिष्ट्यं लिहावी लागतात, मुदत घालावी लागते, अहवाल द्यावा लागतो. मुदत संपल्यावर पुढच्या वर्षी कुणाच्या नव्या लॅपटॉपवर प्रोग्रॅम उघडला नाही, तर त्या दुरुस्तीसाठी अर्जात रकाना नसतो. मॅपमॅपच्या नव्या आवृत्त्या गेल्या काही वर्षांत पूर्वीच्या वेगानं आलेल्या नाहीत. कोड आहे, चालतो, कुणीही घ्यावा असा आहे. फक्त त्याच्याशेजारी रोज बसणारं कुणी नाही.

दुसरी वाट ‘स्प्लॅश’ची. मॉन्ट्रियलमध्ये सॅट या संक्षिप्त नावानं ओळखली जाणारी कला-तंत्रज्ञान संस्था 1996 पासून आहे. तिच्या छपरावर 2011 मध्ये सातोस्फिअर नावाचं घुमटाकार नाट्यगृह उघडलं: 18 मीटर व्यासाचा घुमट, 8 प्रोजेक्टर, 157 स्पीकर. प्रेक्षक आडवे पडून पाहतात आणि चित्र चहूबाजूंनी येतं. आठ प्रोजेक्टर गोल पृष्ठावर एकजीव बसवायचे आणि ते रोज तसेच राहतील याची काळजी घ्यायची, ही संस्थेची स्वतःची, कायमची गरज होती. ती भागवण्यासाठी तिच्या मेटालॅब या संशोधन विभागात एमान्युएल द्युराँ यांनी स्प्लॅश लिहायला घेतलं. मघाशी सांगितलेलं अवघड गणित इथे आहे: मॉडेलवरचे काही बिंदू दाखवले की प्रोजेक्टरची जागा निघते, आणि कुणाचा उजेड कुठे किती कमी करायचा हे प्रोग्रॅम स्वतः ठरवतो. ब्लेंडर या त्रिमितीय मॉडेल घडवण्याच्या खुल्या प्रोग्रॅममधून मॉडेल थेट आणता येतं. प्रांतिक सरकारच्या आर्थिक विकास खात्यानं मदत केली, गूगलच्या समर ऑफ कोड योजनेतून विद्यार्थ्यांनी काम केलं, आणि पुढे लॅब148 ही मॉन्ट्रियलमधलीच सहकारी संस्थाही पाठीशी उभी राहिली. ‘सहकारी’ म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर साखर आणि दूध येतं. कोड लिहिणाऱ्यांनीही तसं एकत्र यावं, हे अजून आपल्या सवयीचं नाही.

दोन्ही प्रोग्रॅम एकाच शहरातले, दोन्ही जीपीएल परवान्याखाली खुले, दोन्हींना सार्वजनिक पैसा मिळालेला. तरी मला स्प्लॅशची मांडणी जास्त टिकाऊ वाटते, कारण पैसे देणारा आणि वापरणारा तिथे एकच होता. घुमटावर शिवण दिसली तर तक्रार थेट शेजारच्या खोलीत जाते आणि तपासायला आठ प्रोजेक्टर डोक्यावर टांगलेलेच असतात. उलट बाजूही सांगायला हवी: स्प्लॅश शिकायला जड आहे आणि तो मुख्यतः लिनक्सवरचा आहे. सावंतवाडीच्या एखाद्या हौशी नाटकमंडळीला त्यापेक्षा मॅपमॅपच बरा. संस्थेच्या गरजेतून घडलेलं साधन संस्थेच्याच मापाचं होतं.

तिसरी वाट मला सगळ्यांत शहाणपणाची वाटते, आणि तिची चर्चा सगळ्यांत कमी होते. अख्खा प्रोग्रॅम उभा करण्याऐवजी त्यातला एकच भाग खुला करायचा. उदाहरण ‘हॅप’ या व्हिडिओ कोडेकचं. नेहमीचे व्हिडिओ आकारानं लहान असतात, पण उलगडताना प्रोसेसरची दमछाक होते. एकाच वेळी पाच-सहा चालवले की चित्र अडखळतं. हॅपमध्ये चित्र अशा रूपात ठेवतात की ग्राफिक कार्ड ते थेट उचलतं. किंमत मोजावी लागते ती जागेची. त्याच्या साध्या प्रकारात एका बिंदूला 4 बिट लागतात, म्हणजे फुल एचडीची एक चौकट साधारण 1 मेगाबाइट; सेकंदाला 30 चौकटी धरल्या तर पुढचं संकोचन होण्याआधी एक मिनिट जवळपास 1.9 गिगाबाइट. डिस्क स्वस्त झाल्यावर हा सौदा परवडू लागला. हा कोडेक लिहिला टॉम बटरवर्थ यांनी आणि त्याला आधार दिला विडव्हॉक्स या कंपनीनं, जी व्हीजेंसाठी, म्हणजे कार्यक्रमात व्हिडिओ खेळवणाऱ्यांसाठी, स्वतःचा प्रोग्रॅम विकते. तिनं तो बंद न ठेवता खुला केला आणि आज प्रतिस्पर्ध्यांचे प्रोग्रॅमही तो वापरतात. मॅकवर एका प्रोग्रॅममधलं चित्र दुसऱ्यात न अडखळता नेणारं ‘सायफन’ हेही बटरवर्थ आणि अँटन मरीनी यांचं, खुलंच. अशा सुट्या भागाला वापरणारे पुष्कळ असतात, बदल कमी लागतात, आणि एखाद्या कंपनीला तो सांभाळणं स्वतःच्या धंद्यासाठीच गरजेचं वाटतं.

लोकवर्गणीचं उदाहरण म्हणून नेहमी ब्लेंडरकडे बोट दाखवतात. 2002 मध्ये टोन रोझेंडाल यांनी सात आठवड्यांत 1,00,000 युरो लोकांकडून जमवून बंद पडलेल्या कंपनीच्या ताब्यातून तो प्रोग्रॅम सोडवला आणि खुला केला. गोष्ट खरी आणि थोर आहे, पण मॅपिंगला ती लागू पडेल असं मला वाटत नाही. ब्लेंडर घरोघरी वापरता येतो. मॅपिंगच्या प्रोग्रॅमचा वापरणारा वर्षातून चार रात्री तो उघडतो. पाचव्या रात्री त्याला त्याची आठवणही नसते.

मग फुकटचा प्रोग्रॅम हवाच कशाला, असाही प्रश्न आहे, आणि तो टाळू नये. एका रात्रीच्या खेळाला मोठं अंदाजपत्रक असेल, तर रेझोल्यूम किंवा मॅडमॅपरसारखा विकतचा प्रोग्रॅम घ्यावा. प्रोजेक्टरच्या भाड्यापुढे त्याची किंमत किरकोळ असते आणि अडचण आली तर उत्तर देणारं कुणीतरी असतं. मुक्त प्रोग्रॅमची गरज कायमच्या मांडणीला असते. संग्रहालय पंधरा वर्षं एखादं दालन चालवतं, तेवढ्या काळात कंपनी विकली जाते, परवान्याची पद्धत बदलते, जुनी आवृत्ती नव्या संगणकावर चढत नाही. कोड हाताशी असेल तर निदान कुणाला तरी बसवून तो दुरुस्त करून घेता येतो. आणि गरज शिकणाऱ्यांना असते: पडद्यामागचा भागाकार उघडून पाहता आला तरच पुढचा प्रोग्रॅम लिहिणारा तयार होतो.

भारतातूनही या कामाला आता पैसा निघू लागला आहे. बंगळूरुच्या झेरोधा कंपनीनं ऑक्टोबर 2024 मध्ये ‘फ्लॉस फंड’ जाहीर केला: वर्षाला 10 लाख डॉलर, एका प्रकल्पाला 10,000 पासून 1,00,000 डॉलरपर्यंत, प्रकल्प जगातल्या कुठल्याही देशाचा चालेल. नवी वैशिष्ट्यं मागण्यापेक्षा चालू असलेलं काम चालू राहावं, यावर त्याचा भर आहे. मॅपिंगचे छोटे प्रकल्प अशा निधीच्या रांगेत मागे असतील हे उघड आहे. पुढे डेटाबेस आणि सुरक्षेची साधनं उभी असतात.

म्हणून जिथे मॅपिंगवर खर्च होतोच, तिथूनच थोडा पैसा वळवणं अधिक व्यवहार्य. गणेशोत्सवाच्या देखाव्यापासून किल्ल्यावरच्या ध्वनिप्रकाश खेळापर्यंत आपल्याकडे प्रोजेक्शन होतं, आणि त्यातली सरकारी कामं निविदेनं जातात. निविदेत ल्युमेन लिहिलेले असतात, वॉरंटी लिहिलेली असते, देखभालीची वर्षं लिहिलेली असतात. मुक्त प्रोग्रॅम वापरला तर केलेली दुरुस्ती मूळ प्रकल्पाला परत द्यावी आणि देखभालीच्या रकमेचा ठरावीक हिस्सा त्या प्रकल्पाकडे जावा, अशी दोन कलमं त्यात घालायला नवा कायदा लागत नाही. ठेकेदाराला ती आधीच माहीत असतील तर तो दरात धरूनच बोली लावेल, जशी तो जनरेटरच्या डिझेलची धरतो.